डावा स्पीकर

अप्पांच्या एका अशिलाचा मुलगा दुबईला होता. सुट्टीवर येताना त्यानं अप्पांसाठी एक जपानी स्टिरिओ रिसीव्हर आणला. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, पुढं चंदेरी पत्रा, मोठमोठी गोल बटणं, आणि सोबत गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. तेव्हा आमच्या सप्तापूरच्या घरात टीव्ही नव्हता. एक जुना वाल्व्हचा रेडिओ होता, एक तबकडी वाजवणारा रेकॉर्ड प्लेअर होता आणि अप्पांच्या कपाटात दीडएकशे रेकॉर्डी होत्या. त्यांना हात लावायची परवानगी घरात फक्त मला होती.

अप्पा धारवाडच्या कोर्टात वकिली करत. गाणं हा त्यांचा दुसरा धर्म. गावात कुठंही बैठक असली की ते पहिल्या रांगेत, आणि दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये गवयाचा निषाद कुठं उतरला यावर त्यांचं भाषण. मी त्यांची लाडकी. भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. करते म्हटल्यावर नातेवाईक कुरकुरले, तेव्हा अप्पाच माझ्या बाजूनं उभे राहिले. मी हुबळीला विद्यानगरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाले, रोज बसनं जायला लागले, तेव्हा त्यांनी मला स्वतःचं पेन दिलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यातला राग या माणसावरचा आहे, आणि हा माणूस मला आवडत होता.

रिसीव्हर आला त्या संध्याकाळी अप्पा प्लग लावायलाच निघाले होते. मी पेटी फिरवून मागं बघितलं. व्होल्टेजची चकती एकशे दहावर होती. तशीच लावली असती तर पहिल्याच मिनिटाला धूर निघाला असता. मी नाण्यानं चकती फिरवून दोनशे वीसवर आणली. अप्पांनी ही गोष्ट चार दिवस कोर्टात सगळ्यांना सांगितली, आणि रविवारी सकाळी दोन स्नेह्यांना गाणं ऐकायला बोलावून टाकलं: विद्यापीठातले एक प्राध्यापक आणि अप्पांहून ज्येष्ठ असे एक वकील. तोपर्यंत सगळं जोडून सूर लावून ठेव, असं मला बजावलं.

शनिवारी माझं कॉलेज दुपारी सुटलं. अप्पा कोर्टातून एका अशिलाकडं जाणार होते. घरात मी आणि आई. आमचा हॉल लांबट आणि अरुंद होता. मी आईची शिवणाची टेप घेतली आणि अप्पांच्या वेताच्या खुर्चीपासून दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर येतील असं मोजून ठेवले. डावा खिडकीपाशी, उजवा स्वयंपाकघराच्या दाराजवळ. दोन्हींखाली अप्पांची जाडी कायद्याची पुस्तकं रचली, म्हणजे आवाज कानाच्या उंचीला येईल. तारा सोलल्या, लाल लालला, काळी काळीला जोडली. रेकॉर्ड प्लेअर लावला तर भुंग्यासारखी घूं ऐकू यायला लागली. अर्थिंगची बारीक तार राहिली होती, ती स्क्रूखाली दाबली आणि घूं गेली. मला फार आनंद झाला होता. आजही तो आनंद आठवतो आणि त्याचीही चीड येते.

आता एकच काम उरलं होतं. दोन्ही स्पीकर सारखे वाजतात की नाही हे बघायचं. त्याची पद्धत सोपी आहे. मोनोचं बटण दाबायचं, म्हणजे दोन्हीकडं एकच आवाज जातो. आणि बरोबर मध्ये बसलेल्या माणसाला गाणारा समोर, दोन स्पीकरांच्या मधोमध बसलाय असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर बॅलन्सचं बटण थोडं इकडंतिकडं फिरवायचं. बटण फिरवायला मी पेटीपाशी पाहिजे, म्हणजे खुर्चीत दुसरं कुणीतरी पाहिजे. मी आईला हाक मारली. तिनं ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं मारली, तेव्हा हात पुसत आली. अप्पांच्या खुर्चीत बसायला तयार होईना. मी जवळजवळ ढकलून बसवलं.

रेकॉर्ड लावली. आवाज कुठून येतोय, विचारलं. तिनं उजव्या हातानं उजवीकडं दाखवलं.

मी बटण थोडं डावीकडं फिरवलं. आता? उजवीकडंच. आणखी फिरवलं. उजवीकडंच. मला वाटलं, डाव्या स्पीकरची तार सैल असेल. जाऊन कान लावला. नीट वाजत होता. मग बटण मध्ये आणून तारांची अदलाबदल केली, म्हणजे पेटीतलाच दोष असेल तर आता आवाज डावीकडं पळेल. आई म्हणाली, उजवीकडून येतोय. मी चिडले. नीट लक्ष देऊन ऐक, म्हणाले. यात अवघड असं काही नाही, पहिलीतलं पोरही सांगेल, असंही म्हणाले. मग आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, “मधून येतोय की. बरोबर आहे आता.”

ती मला बरं वाटावं म्हणून बोलली हे मला कळलं. मी तारा होत्या तशा लावल्या आणि बटण पार डावीकडं नेलं. उजवा स्पीकर आता पूर्ण बंद होता.

“आता कुठून?”

तिनं डोळे मिटले, मान थोडी वळवली. “लांब गेला,” ती म्हणाली. “पण इकडूनच.” आणि पुन्हा उजवा हात.

मी बटण परत मध्ये आणलं आणि रेकॉर्ड थांबवली. प्रयोगशाळेत मुलांना मी रोज सांगायची की आकडा चुकीचा येत असेल तर आधी यंत्र तपासा, आणि यंत्र बरोबर असेल तर मग आकडा खरा माना. मी आईच्या मागं जाऊन उभी राहिले. उजव्या कानात बोट घाल म्हणाले. तिनं घातलं. मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि तिचं माहेरचं नाव घेतलं, जे लग्नानंतर कुणी घेतलं नव्हतं. ती शांत बसून राहिली. मी पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं. थोड्या वेळानं तिनं बोट काढलं आणि विचारलं, “झालं काय?”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. कधीपासून, विचारलं. ती उठायला लागली, कणीक तशीच राहिलीय म्हणाली. मी तिचा हात सोडला नाही. तेव्हा तिनं सांगितलं. फार थोड्या वाक्यांत, आणि एखाद्या शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिच्या बहिणीचं बाळंतपण बेळगावला होतं. आई आठ दिवसांसाठी गेली आणि बहिणीला ताप आला म्हणून दहा दिवस राहिली. परत आली तेव्हा अप्पा हॉलमध्ये उभे होते. काही विचारलं नाही. एकदाच मारलं. कान आठ दिवस शिट्टीसारखा वाजत राहिला, मग त्यातून पू यायला लागला. सासूबाईंनी लसणाचं तेल गरम करून घातलं. तीन महिने पू येत होता. तो थांबला तेव्हा ऐकूही येत नव्हतं. डॉक्टरकडं का नाही गेलीस, मी विचारलं. “काय सांगायचं डॉक्टरला?” ती म्हणाली. मग म्हणाली, “एकाच वेळी झालं ते. नंतर कधी हात उचलला नाही ह्यांनी.” हे ती त्यांच्या बाजूनं सांगत होती.

ती कणीक मळायला गेली. मी तिथंच बसून राहिले. उजव्या हाताच्या माणसानं समोरच्याला मारलं की हात डाव्या कानावर बसतो. एवढं समजायला भौतिकशास्त्र लागत नाही.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि माझ्या अंगाची आग होऊ लागली. रस्त्यानं जाताना आई नेहमी अप्पांच्या डाव्या बाजूनं चालायची; बायका कौतुक करायच्या, कशी रीत पाळते म्हणून. तिला रीत पाळायची नव्हती, तिला त्यांचं बोलणं ऐकू यायला पाहिजे होतं. लग्नाकार्यात ती डाव्या हाताला भिंत येईल अशी कोपऱ्यातली जागा धरायची. एकदा बाजारात मागून आलेल्या सायकलीनं तिला पाडलं, कोपर फुटलं, आणि अप्पा घरी येऊन तिलाच बोलले, लक्ष कुठं असतं तुझं. आणि मी. शाळेतून आल्यावर चार हाका मारूनही ओ आली नाही की मी ओरडायची, बहिरी झालीस काय. हे मी शेकडो वेळा म्हटलं असेल. ती हसायची.

घरात सगळ्यांत जुना विनोद हाच होता की आईच्या कानाचा आणि सुराचा संबंध नाही. अप्पांनी तो पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितला होता की पाहुणेच आधी हसायचे. गाणं चालू असलं की ती स्वयंपाकघराच्या दारात बसायची, आणि मध्येच काही बोलली, किंवा भलत्या वेळी भांडं वाजलं, की अप्पा कपाळाला हात लावायचे. माझंही तेच मत होतं. मीही अप्पांसारखी कपाळाला हात लावायला शिकले होते.

त्या संध्याकाळी अप्पा आले. झालं का जोडून, विचारलं. झालं, म्हणाले. मी त्यांच्याशी दुसरं काही बोलले नाही. त्यांनी रेकॉर्ड लावून पाहिली, खूश झाले, जेवताना दोनदा माझी पाठ थोपटली. दोन्ही वेळा मी पाठ आखडून घेतली. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी दहाला दोघं स्नेही आले. अप्पा मधल्या खुर्चीत बसले, पाहुणे दोन्ही बाजूंना. अप्पांनी स्वतः मोनोचं बटण काढून स्टिरिओ केलं. आलाप सुरू झाला. तबला डावीकडून, सारंगी उजवीकडून, मध्ये आवाज. काय सांगावं, गवई हॉलमध्ये येऊन बसल्यासारखं वाटत होतं. प्राध्यापकांनी डोळे मिटून मान हलवली. अप्पांनी बोटानं इकडं तबला, इकडं सारंगी असं दाखवलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

आई उप्पिटाच्या बशा घेऊन आली. बशा ठेवून वळली, आणि तिची डावी बाजू अप्पांकडं झाली. अप्पांनी पाणी आणायला सांगितलं. ती तशीच चालत आत निघाली. अप्पांनी पुन्हा सांगितलं. ती थांबली नाही. तेव्हा त्यांनी पाहुण्यांकडं वळून तोच विनोद केला. देवानं या घरात कान दोघांनाच दिलेत, मला आणि पोरीला. हिला जपानी यंत्रही ऐकवू शकत नाही.

दोघं हसले. मी पुढं झाले आणि आवाज कमी केला.

“अप्पा, आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” मी म्हणाले. “तुम्ही मारलंत तेव्हापासून. बेळगावहून दोन दिवस उशिरा आली म्हणून मारलंत तेव्हापासून.”

माझा आवाज चढला नव्हता. हे मला नीट आठवतं, कारण मला तो चढवायचा होता आणि तो निघाला नाही. ज्येष्ठ वकिलांनी हातातली बशी खाली ठेवली. प्राध्यापक रेकॉर्डच्या कव्हराकडं बघत राहिले. आई आपणहूनच पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, तिनं किती ऐकलं मला माहीत नाही. पण सगळ्यांच्या तोंडाकडं बघून तिला कळलं असणार. अप्पा उठले, रेकॉर्डवरची सुई हळूच उचलली, तबकडी पुसून कव्हरात घातली. मग माझ्याकडं न बघता, कोर्टात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, “मला असं काही आठवत नाही.”

मी त्यांना पुरतं ओळखत होते. खोटं बोलताना ते उजवा अंगठा बोटांवर घासत. तेव्हा त्यांचे हात स्थिर होते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ती बाई त्यांच्या घरात चोवीस वर्षं अर्ध्या आवाजात जगली, आणि त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी नाकारलं असतं, माझ्या थोबाडीत मारली असती, तरी मला इतका संताप आला नसता.

पाहुणे पाच मिनिटांत गेले. मी स्वयंपाकघरात गेले. मला वाटत होतं आई रडत असेल, मी तिला जवळ घेईन. ती चुलीकडं तोंड करून उभी होती. “तुला कुणी सांगितलं होतं?” ती म्हणाली. “एवढी वर्षं मी झाकून ठेवलं. चार माणसांत उघडं केलंस. आता त्यांच्या बायका मला बघायला येतील.”

“मी तुझ्यासाठी बोलले.”

“माझ्यासाठी बोलायचं तर मला विचारायचं होतंस.”

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा भरून ठेवायची, समोर सरकवायची, बोलायची नाही. अप्पांशी मात्र बोलत होती. मी हुबळीच्या बसमध्ये खिडकीशी बसून दात आवळून रोज हाच विचार करायची की या घरात गुन्हा कुणी केला आणि शिक्षा कुणाला चाललीय. मला तिचाही राग येत होता. आज वाटतं, तिचं म्हणणं बरोबर होतं. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि खरं बोलल्यावर कुणीतरी माझ्या बाजूनं उभं राहील अशी माझी समजूत होती.

नवव्या दिवशी मी तिला हुबळीला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. का कोण जाणे, ती आली. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क वाजवून तिच्या कपाळावर टेकवला, कानामागं टेकवला, आरसा लावून आत बघितलं. मग कन्नडात विचारलं, “एष्टु वर्ष आतु?” किती वर्षं झाली. आईनंही कन्नडातच सांगितलं, चोवीस-पंचवीस. कशानं झालं, हे त्यांनी तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघून विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, पडले होते. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पडदा गेलेला, आतलं हाड कुजून गेलेलं, आतली नसही गेलेली. तेव्हा महिनाभरात आणलं असतं तर बहुतेक वाचला असता, म्हणाले. आता उपाय नाही. उजवा जपा.

परत येताना बसमध्ये ती माझ्या डाव्या बाजूला बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “गाणं मला आवडतं हं.” एवढंच. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्या क्षणी मी तिच्याकडं बघितलं असतं तर भर बसमध्ये ओरडले असते.

त्या दिवसापासून घरात बटणाचं युद्ध सुरू झालं. आई ज्या दारात बसायची तिथं उजवा स्पीकर जवळ होता आणि डावा लांब. स्टिरिओवर तिला सारंगी ऐकू यायची, तबला नाहीसा व्हायचा. मोनो केलं की सगळं जवळच्या स्पीकरातून यायचं. तेव्हा मी मोनो करून ठेवायची. अप्पा कोर्टातून येऊन स्टिरिओ करायचे. मी येऊन पुन्हा मोनो. एकदा ते म्हणाले की इतकं भारी यंत्र आणून ते जुन्या रेडिओसारखं वाजवायचं, हा अडाणीपणा आहे. मी म्हणाले, हो, आहे. आणि बटण दाबलं. पाच-सहा महिने हे चाललं. मी जिंकत होते असं नाही. ज्याला गाणं ऐकायचं असेल त्याचंच शेवटी चालतं, आणि मी तर गाणं ऐकायचं सोडूनच दिलं होतं.

एका रविवारी मी बाहेरून आले तेव्हा रेकॉर्ड चालू होती. अप्पा त्यांच्या खुर्चीत, आई दारात, भाजी निवडत. मी सवयीनं पेटीकडं गेले. मोनोचं बटण आत दाबलेलं होतं. मी सकाळी लवकर गेले होते, दाबायचं राहून गेलं होतं. आईला ते बटण कुठलं हे माहीत नव्हतं. मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटलेले होते. त्या दिवसानंतर त्यांनी स्टिरिओ कधी लावलं नाही, एकटे असतानासुद्धा नाही. आणि तो विनोदही पुन्हा केला नाही.

पुढं मी हा प्रसंग ज्यांना ज्यांना सांगितला ते सगळे हेच म्हणाले की बघ, ही त्यांची माफी होती. जुनी माणसं, बोलून दाखवत नाहीत. माझा नवराही म्हणाला. मला हे पटत नाही. या माणसाला बोलता येत होतं. परक्या माणसांसाठी ते दोन-दोन तास उभे राहून बोलत, न्यायाधीश ऐकत राहावेत असं बोलत. बायकोपुढं उभं राहून चार शब्द म्हणायला त्यांना पुढची अठरा वर्षं मिळाली. त्यांनी एक बटण दाबलं.

अप्पा गेल्यावर एकदा मी आईला विचारलं, त्यांनी तुला कधी काही म्हटलं काय, आम्ही कुणी नसताना. ती उजवा कान माझ्याकडं करून ऐकत होती. नाही म्हणाली. वाईट वाटलं काय, विचारलं. “तुला वाटतंय तेवढं नाही,” ती म्हणाली, आणि रेकॉर्ड बदल म्हणून सांगितलं, ही बाजू तिला आवडत नव्हती, गवयाचा आवाज यात बसलेला आहे म्हणाली. मी नीट ऐकलं. खरोखरच बसलेला होता.